तालीम, रपेट आणि मेद



दख्खनच्या इतिहासकारांमध्ये महंमद कासीम फिरिश्ता याचे नाव आपणांस परिचित आहेच. त्याचे बालपण व तारुण्य अहमदनगरच्या निजामशाही दरबाराच्या छायेत गेले. पुढे १५८९ साली तो विजापुरास गेला आणि तेथे त्याने आपला प्रसिद्ध इतिहासग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथात नगरचा संस्थापक अहमद निजामशहा याच्याविषयी लिहिताना त्याने एक तक्रार नोंदवून ठेवली आहे. हा सुलतान स्वतः तलवारीच्या हातात निपुण. त्यामुळे त्याच्या पदरी येऊ इच्छिणारा जो तो तरुण तलवारीचे हात शिकू लागला, आणि १४९० साली वसलेल्या या शहरात जेथे विद्येच्या शाळा असावयाच्या, तेथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत तलवारबाजीच्या शाळा निघाल्या. फिरिश्त्याला ही गोष्ट रुचली नव्हती. द्वंद्वयुद्धाच्या या खुळापायी माणसे हकनाक मरतात, हा त्याचा आक्षेप होता आणि तो खराही होता. परंतु शरीर कमावण्याच्या नादातच ज्या शहराची बालपणीची वर्षे गेली, त्या शहराचा दाखला आजच्या विषयासाठी घेणे अप्रस्तुत होणार नाही.

विषय तसा साधा आहे. नगरात, म्हणजे २०२४ पासून ज्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे त्या शहरात, पहाटे बाहेर पडले तर दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. एक भुईकोट किल्ल्याच्या बाजूने झपाझप रपेट करणारी, आणि दुसरी व्यायामशाळेच्या लोखंडाकडे वळणारी. दोघांचाही हेतू बहुधा एकच असतो. पोटाभोवती साठलेला मेद उतरावा. आणि दोघांचाही परस्परांवर विश्वास नसतो. चालणारा म्हणतो की, वजने उचलून माणूस आणखीच जाड होतो. वजने उचलणारा म्हणतो की, नुसते चालून मेद झडता तर आमच्या गावचा पोस्टमन वेताच्या काठीसारखा झाला असता. या वादाचा निकाल आधुनिक प्रयोगशास्त्राने बराचसा लावला आहे, आणि त्याचे आकडे मी पुढे सांगणारच आहे. परंतु त्याआधी आपल्या तालमीकडे एकदा वळून पाहिले पाहिजे. कारण, माझे मत असे झाले आहे की, आपण तालमीला आज जो प्रश्न विचारीत आहोत, तो तिने स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

कल्याणीच्या चालुक्यांचा राज्यविस्तार या आपल्या दख्खन देशावर होता. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. राजाच्या करमणुकींचा त्यात मोठा विस्तार आहे, आणि त्यात मल्लविनोद नावाचे एक प्रकरण आहे. मल्लांच्या वयावरून व योग्यतेवरून पाडलेल्या प्रती, त्यांना द्यावयाचा पौष्टिक आहार, आणि त्यांनी करावयाचे श्रम, या सर्वांची तेथे व्यवस्था लावलेली आहे. भारश्रम म्हणजे वजनाचा व्यायाम. भ्रमणश्रम म्हणजे चालण्याचा. सलिलश्रम म्हणजे पोहण्याचा. बाहुपेल्लणकश्रम म्हणजे हातांच्या जोरांचा. आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा, ज्यात आपल्या मलखांबाचे मूळ आहे असे अभ्यासक मानतात. भार आणि भ्रमण या दोन शब्दांकडे आपण कृपा करून लक्ष द्यावे. आज ज्यांच्यात भांडण लावले जाते ते दोन्ही व्यायाम येथे शेजारी शेजारी बसले आहेत, दोघांना वेगवेगळी नावे आहेत, आणि दोन्ही एकाच मल्लाने करावयाचे आहेत. मात्र ते कशासाठी? बळासाठी, दमसासासाठी, राजापुढे कुस्ती मारण्यासाठी. अंग उतरविण्याचा तेथे विचार नाही; उलट भरपूर खाऊन अंग भरविण्याचाच आहे.

हीच परंपरा पुढे मराठी तालमीत आली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मलखांबाचे पुनरुज्जीवन केले, तेथपासून अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापर्यंत, आणि बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांत काढलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'पर्यंत या परंपरेची वाट स्पष्ट दिसते. पण तिचे खरे घर म्हणजे गावची तालीम. लाल मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती, भिंतीशी जोड्या आणि मुद्गल, आणि पहाटेच्या अंधारात जोर-बैठकांचा चाललेला घुमारा. नगर जिल्ह्यात यात्रेच्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. हगामा जवळ आला की तालमीतील पोरांचा खुराक वाढे. दूध, तूप, बदाम, थंडाई. ज्या घरात एरवी तूप सणासुदीलाच दिसे, त्या घरातील आई पोरगा पैलवान व्हावा म्हणून स्वतःच्या ताटातील घास मागे ठेवी.

आता तालमीच्या पद्धतीतील एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा उलगडा तिच्यावर अवलंबून आहे. तालमीत प्रगती मोजतात ती मुख्यतः संख्येने. पोरगा पन्नास बैठका मारतो. मग शंभर, मग दोनशे, मग पाचशे. वजन तेच, स्वतःच्या देहाचे. वाढते ती गणती. पहिल्या पन्नास बैठका ज्याला जड जातात त्याच्यासाठी तो बळाचा व्यायाम आहे. परंतु पाचशे बैठका सहज मारणाऱ्याचा तोच व्यायाम दमसासाचा झालेला असतो. त्याची मांडी थकण्याआधी श्वास थकतो. सपाट्यांचे तेच, आणि लेझमीचेही तेच. जुनी लेझीम ही धनुष्यासारखी ताणावयाची, लोखंडी साखळीची असे. ती ताणणे हे बाहूंचे बळ, आणि तालावर घटकाभर खेळणे हा दमसास. तेव्हा बळ आणि दमसास यांची फारकत तालमीने केली नाही हे खरे. पण ते एखादे गूढ शहाणपण होते असे समजण्याचे कारण नाही. गरीब गावात चढत्या वजनाचे लोखंड नव्हते. म्हणून वजन वाढविण्याऐवजी संख्या वाढली, इतकाच त्याचा अर्थ.

आणि तालमीचा दुसरा अनुभवही लपवून चालणार नाही. आमच्या लहानपणी शेजारच्या आळीत एक उतारवयाचे पैलवान राहत असत. तारुण्यात त्यांनी अनेक हगामे गाजविले होते. आम्ही पाहिले तेव्हा मात्र ओसरीवरून उठताना त्यांना खांबाचा आधार लागे, आणि पोट मांड्यांवर आलेले असे. कोणी विचारले तर हसून म्हणत, "तालीम सुटली, जीभ सुटली नाही." मेदाच्या शास्त्राचा अर्धा भाग त्या पाच शब्दांत आला आहे असे मला पुढे अनेक ग्रंथ चाळल्यावर वाटले. पाचशे बैठका आणि त्यांच्या जोडीचा खुराक यांचा हिशेब तारुण्यात जुळत होता. बैठका थांबल्या, खुराक राहिला, आणि बाकी कमरेभोवती जमा झाली.

असे असूनही या परंपरेने मेदाला शत्रू का मानले नाही? उत्तर आपल्या जमिनीत आहे. नगर जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणाचा. १८७६ ते १८७८ या दुष्काळात नगर, पुणे, सोलापूर या मुलखाची जी दैना झाली तिच्या सरकारी नोंदी उपलब्ध आहेत. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला सुमारे एक पौंड धान्य पुरेसे आहे असा नियम ठरविला होता. दिवसभर खडी फोडावयाची, माती वाहावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात हे धान्य. शक्तीचा व्यायाम म्हणा, दमसासाचा म्हणा, दोन्ही त्या कामात पुरेपूर होते, आणि माणसे वाळत गेली. १९७२ च्या दुष्काळातही खडी फोडण्याच्या कामावर गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. अशा प्रदेशात अंगावरचे मांस आणि मेद ही पुढच्या वाईट वर्षासाठी ठेवलेली कणगी असते. मराठीत लठ्ठ माणसाला 'खात्यापित्या घरचा' म्हणतात. त्यात निंदा नाही, थोडा हेवाच आहे. पोराने बाळसे धरले हे आपण आनंदाने सांगतो. ज्या भाषेत मेदाला इतके प्रेमळ शब्द आहेत, त्या भाषेच्या तालमीत मेद घालविण्याची विद्या शोधू जाणे म्हणजे सराफाच्या दुकानात खुरपे मागण्यासारखे आहे.

वैद्यकाने मात्र तो प्रश्न फार पूर्वी विचारला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आठ निंदित देहांविषयी आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विशेष विचार केला आहे, आणि दोघांत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असा निर्णय दिला आहे. उपाय काय? पोटाला भरलेपणा देणारे पण पोषण कमी करणारे अन्न, आणि त्याबरोबर व्यायाम, जागरण, चिंतन. तेही एकदम नव्हे, क्रमाक्रमाने वाढवीत न्यावयाचे. अन्नाचा विचार तेथे व्यायामाच्या आधी आला आहे, हे आजच्या दोन्ही पक्षांनी पाहण्यासारखे आहे. जागरणाचा सल्ला मात्र आजचा वैद्य देणार नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते असेच आता आढळले आहे.

आतापर्यंत मी पुरुषांविषयीच बोललो, कारण तालीम पुरुषांची. परंतु या जिल्ह्यातील खरा बळाचा व्यायाम पहाटे घराघरांत होत असे आणि तो स्त्रिया करीत. जाते ओढणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा करून पाहिले आहे त्याला सांगावयास नको. खांदा, दंड, पाठ, कंबर, सगळ्यांवर ताण. आणि तो रोज, घटका घटका. त्यावर उखळात कांडण आणि विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या दोन घागरी. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, मग नळ आले, आणि एक फार मोठे कष्ट स्त्रियांच्या अंगावरून उतरले. त्याचा खेद करणाऱ्या पुरुषांचा मला राग येतो. त्यांनी स्वतः महिनाभर जाते ओढावे आणि मग बोलावे. पण हेही खरे की, जात्याच्या जागी दुसरे काहीच आले नाही. ज्या आजीने आयुष्यभर दळण दळले, तिच्याच नातीला आज मुद्गल उचल म्हटले तर 'बाईच्या जातीला ते शोभत नाही' असे सांगणारे लोक घरातच निघतात.

अस्तु. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाहेरचे लोखंड आपल्याकडे आले. युजेन सँडो या जर्मन शक्तिवीराचे नाव त्या काळी घरोघर झाले होते. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करून गेला. त्याच्याही आधी, १८९७ साली, औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सँडोची पुस्तके व साधने मागविली होती आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी तो व्यायाम नेमाने केला. नंतर १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे राजगादीवर आल्यावर संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. साधन लागत नाही, जागा लागत नाही, लहानथोर, स्त्रीपुरुष सर्वांना करता येतो, हा त्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. स्त्रियांना व्यायामाचा अधिकार त्यांनी उघडपणे दिला, हे तर त्यांचे मोठेच उपकार. तथापि नमस्काराची मर्यादा तीच, जी बैठकांची. शरीर सरावले की नमस्कार हलका होतो, आणि मग संख्या वाढवावी लागते. दहा नमस्कार हे अशक्ताला बळ देतात; तीनशे नमस्कार हे सशक्ताला दमसास देतात. राजेसाहेबांनी लोखंड सोडले तेव्हा चढत्या भाराचे तत्त्वही त्याबरोबर दारातून बाहेर गेले.

नगरच्या किल्ल्याची एक आठवण येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे श्रेष्ठ पुढारी त्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. पंडित नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तेथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी सांगितले आहे की, तुरुंगात त्यांनी बागकाम आरंभिले होते, आणि तेथील जमीन दगडगोट्यांनी व जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेली होती. कुदळ मारणे हा बळाचा व्यायाम की दमसासाचा, असा प्रश्न त्या बंदिवानांपैकी कोणाला पडला असेल असे वाटत नाही. ज्याने कधी कुदळ मारली आहे त्याला तो पडत नाही.

मग फारकत झाली कोठे? ती झाली पश्चिमेत, आणि तीही अगदी अलीकडे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे दुबळे झालेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी भारी वजन, थोड्या आवृत्ती, आणि दर आठवड्यास वजनात वाढ, असा क्रम बसविला व तो १९४५ साली प्रसिद्ध केला. बळाच्या व्यायामाला रुग्णालयात प्रवेश मिळाला तो तेथून. दुसरी वाट लंडनच्या बसगाड्यांतून निघाली. डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दुमजली गाडीचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. तीन वर्षांनी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मौजेचा शोध केला: कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे तपासली, आणि चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या विजारींहून मोठी निघाली. शिंप्याच्या वहीतून मेदाचा इतिहास लिहिला गेल्याचे हे उदाहरण मला फार आवडते. पुढे १९६८ साली अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक निघाले, आणि धावणे हा जगभर जणू धर्म झाला. एका पंथाचे दैवत हृदय, दुसऱ्याचे दंड. आणि मेद उतरविण्याचा मान दोघांनीही आपापल्याकडे घेतला.

मेदाच्या बाबतीत प्रयोगांचा निकाल काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. लठ्ठपणाकडे झुकलेले, बैठे जीवन जगणारे लोक. त्यांचे तीन गट. अवधी आठ महिने. एकूण ११९ जणांनी प्रयोग पुरा केला. एका गटाने आठवड्यास सुमारे १२ मैलांच्या चाली-धावण्याइतका व्यायाम केला, दुसऱ्याने आठवड्यातून तीन दिवस वजने उचलली, तिसऱ्याने दोन्ही केले. धावणाऱ्यांचा मेद सरासरी सुमारे १.७ किलोने उतरला. वजने उचलणाऱ्यांचा पाव किलो, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण त्यांचा मेदविरहित देहभार सुमारे १.१ किलोने वाढला, त्यामुळे काट्यावर ते पूर्वीपेक्षा जडच भरले. दोन्ही करणाऱ्यांचा मेद सुमारे २.४ किलोने उतरला आणि मेदविरहित भारही वाढला. मात्र त्यांना वेळही दुप्पट द्यावा लागला. तेव्हा पहाटे रपेट करणाऱ्या गृहस्थांचा पक्ष येथे सरस ठरतो हे मान्य केले पाहिजे. आणखी एक गैरसमजही जाता जाता दूर करू. स्नायू वाढला की तो झोपेतसुद्धा मेद जाळतो, असे व्यायामशाळांतून मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ उष्मांक खर्च करतो. ज्वारीच्या चार ग्रॅम पिठात तितके असतात.

पण रपेट करणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. आठ महिन्यांच्या नेमाने पावणेदोन किलो, हा काही मोठा दिग्विजय नव्हे. तासभर झपझप चालण्यात साधारण माणसाचे अडीचशे-तीनशे उष्मांक जातात; घरी येऊन तूप लावलेली एक मोठी भाकरी खाल्ली की हिशेब पुरा. झाँ मेयर व त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी १९५६ साली पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणीतील लोकांचे खाणे, काम आणि वजन यांची तुलना प्रसिद्ध केली. हमाली करणारे भरपूर खात आणि सडपातळ राहत. गादीवर बसणारेही तितकेच खात, आणि लठ्ठ होत. शेजारच्या आळीतील आमच्या पैलवानांचा सिद्धांत तागाच्या गिरणीतही खरा ठरला.

मग लोखंडाचे काम काय? अन्न कमी करून जेव्हा माणूस वजन उतरवितो तेव्हा उतरते ते सारे मेदाचे नसते. मेदाबरोबर स्नायूही जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ६५ वर्षांवरील स्थूल माणसांनी आहार कमी करून सहा महिने व्यायाम केला. धावण्या-चालण्याचा गट, वजनांचा गट, दोन्हींचा गट, तिघांचेही वजन सुमारे ९ टक्क्यांनी उतरले. पण मेदविरहित देहभार चालणाऱ्यांचा ५ टक्क्यांनी घटला, वजने उचलणाऱ्यांचा केवळ २, आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी. काट्यावरचा आकडा एकच. पण आत काय शिल्लक राहिले ते निराळे. म्हातारपणी ओसरीवरून खांबाचा आधार न घेता उठावयाचे असेल तर हा दोन-तीन टक्क्यांचा फरक लहान नाही.

आणि आपणा मराठी लोकांसाठी तो आणखी मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले व आपल्या इंग्रज स्नेही-संशोधकाचे, जॉन युडकिन यांचे, छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, आतून मेदस्वी. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचाही अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. या लहानशा देहांत स्नायू फार कमी, मेद मात्र त्या मानाने राखलेला. म्हणजे आपल्यापैकी अनेकांत उणीव आहे ती स्नायूची, आणि तीही पाळण्यापासूनची. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठविण्याचे प्रमुख कोठार म्हणजे स्नायू. ते कोठार लहान असेल तर मधुमेह दाराशी लवकर येतो. अशा माणसाला केवळ 'वजन कमी कर' असे सांगणे हा अर्धवट सल्ला झाला. त्याचे वजन पुष्कळदा जास्त नसतेच.

या जिल्ह्यात तर हा फरक डोळ्यांदेखत घडला. लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याची चाके फिरू लागली. त्या वाटेने पाणी आले, पैसा आला, रस्ते आले, मोटरसायकली आल्या. आणि ज्यांचे आजोबा मोटेमागे चालले त्यांचे नातू शेतावरही गाडीने जातात. याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोडीचे मजूर मात्र आजही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढतात. त्यांच्यासाठी हे भाषण नाही; त्यांना व्यायाम नको, विश्रांती आणि मजुरी हवी आहे.

२०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या नगरात झाल्या. त्या पाहून मी एका जुन्या तालमीत सहज डोकावलो होतो. तिच्या अर्ध्या भागात आता फरशी झाली आहे. एका भिंतीशी जोड्या, दुसऱ्या भिंतीशी जागच्या जागी चालावयाचे विजेचे यंत्र. या यंत्राचा पूर्वज १८१८ साली इंग्लंडात विल्यम क्युबिट याने कैद्यांना शिक्षा म्हणून योजला होता, ही गोष्ट मी तेथील वस्तादांना सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. चाळिशीतील एक कारकून तेथे मेद उतरविण्यासाठी येत होते. वस्तादांनी त्यांना घरून चालतच यावयास सांगितले होते. आठवड्यातून तीन दिवस जोडी, तीही दर महिन्याला थोडी जड. बैठका थोड्याच, पण पाठीवर वाळूची पिशवी घेऊन. आणि रात्रीचा भात अर्धा. वजनाचा काटा तालमीत नव्हता. मी विचारले, मग प्रगती मोजता कशाने? वस्तादांनी त्या गृहस्थांच्या कमरेकडे बोट दाखविले. त्यांच्या काळ्या करगोट्याला दोन गाठी होत्या; जुनी गाठ सैल पडल्यावर बोटभर आत घेऊन नवी मारलेली. तिसरी दिवाळीपर्यंत पडेल, असे ते गृहस्थ म्हणाले आणि पुन्हा जोडीकडे वळले.